राठोडांचा शेरा

थावरसिंग राठोड गेले हे मला नगरपालिकेच्या दारातल्या फळ्यावरून कळलं, आणि त्या फळ्यावर त्यांचं नाव चुकलेलं होतं. मी हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. निवृत्त माणसाला वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे कागदावर सिद्ध करावं लागतं, आणि त्या दिवशी ते सिद्ध करण्याआधीच मला दुसरा गेल्याचं वाचावं लागलं. 'कर्तव्यदक्ष अधिकारी कै. ठावरसिंग राठोड यांना भावपूर्ण श्रद्धांजली. शोकसभा दुपारी चार वाजता.' थ चा ठ केलेला. हा माणूस वेलांटी चुकलेली टिपणी लाल शाईनं गोल करून परत पाठवायचा... दारातल्या शिपायाला म्हटलं, "अरे, नाव तरी बराबर लिहा." तो म्हणाला, "खडू संपला साहेब."

शोकसभेला मी थांबलो. वरच्या सभागृहात पंखे लावलेले होते. नवे मुख्याधिकारी सहा महिन्यांपूर्वी आलेले, त्यांनी राठोडांना पाहिलेलंही नव्हतं, तरी ते त्यांच्या 'लोकाभिमुख कार्यशैली'वर दहा मिनिटं बोलले. युनियनचे पुढारी बोलले. पहिल्या रांगेत इस्त्रीच्या कपड्यांत बबनराव बसले होते. बबनराव म्हणजे आमच्या निवास विभागाचे जुने मुकादम, त्या काळच्या नगराध्यक्षांचे सख्खे मेहुणे. ते उठले, रुमाल डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "राठोड साहेबांनी आम्हाला काम करायला शिकवलं." मी छताकडं बघत राहिलो. जगात निर्लज्जपणाला सीमा असते असं मला तरुणपणी वाटायचं. मग दोन मिनिटं स्तब्धता झाली. ती चाळीस सेकंदांत आटोपली, कारण दारात समोसे आले होते. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उभा राहिलो, "फळ्यावर त्यांचं नाव चुकलंय," एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. दुःखानं गिरींना बोलवेना, असा सगळ्यांचा समज झाला. एकानं माझी पाठही थोपटली.

तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता महिन्याभरानं लिहितो आहे. आमच्या नगरपालिकेचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर शेजारच्या नगरपालिका आपण तशा नाही म्हणून सुटतील, आणि तेवढी सूट त्यांना द्यायची माझी इच्छा नाही.

राठोड डोंगरकड्याकडच्या एका तांड्यावरचे. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. आजोबांनी बैल औताला जुंपले. वडिलांनी थोरल्या पोराला शाळेत घातलं. हे पोरगं शिकून नगरपालिकेत लिपिक झालं आणि दोन-तीन गावं फिरून आमच्याकडं निवास विभागाचं प्रमुख म्हणून आलं, तेव्हा आपला जिल्हा अजून वेगळा व्हायचा होता, सगळ्या फायली परभणीला जायच्या. उंच, सडसडीत, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. बोलणं कोरडं. कुणाच्या लग्नाला जायचे नाहीत, कुणाचा पेढा घ्यायचे नाहीत, चहा स्वतःच्या पैशानं मागवायचे आणि पाजायचे तो फक्त स्वतःलाच. आवडावा असा माणूस नव्हता तो. मलाही पहिली दोन वर्षं आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

निवास विभाग म्हणजे इमारतीच्या मागच्या अंगाची एक खोली. नगरपालिकेनं बाजारामागं गरिबांसाठी बांधलेल्या खोल्या होत्या, सहा ओळी, ओळीत दहा दारं. गावात त्यांना 'क्वार्टरं' म्हणतात. त्या खोल्यांची देखभाल करणं एवढंच आमचं काम. मी लिपिक, बबनराव मुकादम, लतीफ नळवाला, आणि चार-पाच कामगार. तक्रार आली की मी वहीत लिहायचो. महिन्याच्या शेवटी बबनराव त्या प्रत्येक तक्रारीपुढं आपल्या गोल अक्षरात 'निकाली' लिहायचे. मध्ये काय व्हायचं? काही नाही. मधलं काही करण्यासाठी नोकरी असते अशी आमच्यापैकी कुणाचीच समजूत नव्हती.

राठोडांनी पहिल्या दिवशी ती वही मागवली. पाऊण तास पान न पान वाचली. मग वही मिटून म्हणाले, "गिरी, एकही तक्रार शिल्लक नाही. इतकी चांगली नगरपालिका मी नोकरीत पाहिली नाही. चला, बघून येऊ." मी उन्हाचं कारण सांगितलं, तोवर ते रस्त्याला लागलेसुद्धा होते. वही माझ्या काखेत. पहिल्या ओळीपासून ते दारं वाजवत गेले आणि वहीतलं वाचून दाखवत गेले. शेवटच्या ओळीत गयाबाईचं दार. गयाबाई बाजारात चुरमुरे-फुटाणे विकायची, नवरा वारलेला, पदरी एक मुलगा. राठोडांनी वाचलं, "नळ गळतो. निकाली. खरं आहे का?"

"व्हय, निकालीच काढला की," ती म्हणाली. "नळच काढून नेला तुमच्या मान्सानं. दुरुस्त करून आनतो म्हनला. दोन दिवाळ्या झाल्या."

"मग हापिसात सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं न्हाई? ह्येच व्हते ना टेबलावर!" तिनं माझ्याकडं बोट केलं. "लिवून घेतलं अन् मान वर करून बी बघितलं न्हाई."

राठोडांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते तिच्या दाराशेजारचा उकिरडा बघत होते. "हा कचरा कुणाचा?" बाई पायानं तो बाजूला सारू लागली. "उद्या दिसता कामा नये. तुमच्या तक्रारीवर मी येतो, माझ्या तक्रारीवर तुम्ही हला." गरिबांना गोंजारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वाटेत परतताना ते म्हणाले, "साठ दारांत एकही 'निकाली' खरं नाही. आता सांगा गिरी, ही वही लिहायला तुम्हाला नगरपालिका कशाला पोसते?" मी वही दुसऱ्या काखेत घेतली. मनात मात्र ठरवलं की हा माणूस वर्षभरही टिकणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लतीफला बोलावलं. आम्ही सगळे खूश होतो. आता नळवाल्याची चामडी सोलली जाणार. मोठ्या साहेबाला सुधारणा करायची असली की पहिला बळी नेहमी हातात पान्हा असलेला माणूस, ही आमच्या खात्याची रीत. राठोडांनी त्याला बसायला सांगितलं. आमच्या खोलीत लतीफ पहिल्यांदाच खुर्चीत बसला असेल. त्यांनी विचारलं, गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी कुठं होतास? लतीफ आधी अडखळला, मग म्हणाला, "साब, मेरे कू बंगले से छुट्टी मिले तो मैं क्वार्टरां कू जाऊं ना." मग यादी निघाली. नगराध्यक्षांच्या शेतातली मोटर. मुख्याधिकाऱ्यांच्या बंगल्याची बाग. बबनरावांच्या नव्या घराचं न्हाणीघर, पंधरा दिवस. क्वार्टरांसाठी उरले दोन दिवस, आणि त्या दोन दिवसांत हातात एक दात झिजलेला पान्हा, जो पाइपावर धरला की घसरायचा. नवा पान्हा तो चार वर्षं भांडारपालाकडं मागत होता. राठोड उठले, भांडाराच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि बसूनच राहिले. दुपारी भांडारपालानं कुलूप उघडलं. आत कोरे पान्हे होते, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेले, कुणाच्या तरी तपासणीसाठी राखून ठेवलेले.

मग त्यांनी जे केलं ते इतकं साधं होतं की त्याला सुधारणा म्हणायला मला संकोच वाटतो. 'निकाली' लिहिण्याचा अधिकार त्यांनी आमच्याकडून काढून घेतला. प्रत्येक तक्रारीची एक चिठ्ठी. काम करणारा ती घेऊन जाणार आणि ज्याच्या घरी काम झालं त्याची सही किंवा अंगठा घेऊन येणार. अंगठा नाही तर काम नाही. प्रत्येक कामगाराच्या नावाचा एक कागद भिंतीला, त्यावर त्याची झालेली आणि न झालेली कामं. आणि न झालं तर का नाही झालं हेही तिथंच, साहित्य नव्हतं की माणूस नव्हता की मन नव्हतं. सोमवारी सकाळी सगळ्यांनी उभं राहून दहा मिनिटांत सांगायचं, गेल्या आठवड्यात मी काय केलं. लतीफनं पहिल्या सोमवारी सात नळ सांगितले. बबनराव म्हणाले, "देखरेख केली." राठोड म्हणाले, "कुणावर?" बबनरावांना नाव सुचेना. लतीफ भिंतीकडं तोंड करून हसला. त्या दिवसापासून बबनराव सोमवारी आजारी पडू लागले.

वर्षभरात क्वार्टरांत फरक पडला. हे मी मान्य करतो, तेव्हा केलं नव्हतं. बायका कार्यालयात येऊन आरडाओरडा करायच्या बंद झाल्या. लतीफ सायकलला पान्हा लटकावून ऐटीत जायचा आणि त्याला ओळीतून चहाची बोलावणी यायची. कामगारांपैकी दोघं, ज्यांना आम्ही जन्माचे आळशी समजत होतो, ते उत्तम गवंडीकाम करतात असं निघालं. त्यांना कुणी कधी सिमेंटच दिलं नव्हतं. एवढी वर्षं आम्ही त्यांच्या नावानं नाकं मुरडत होतो आणि सिमेंट बंगल्यांच्या कंपाउंडांत जात होतं.

मार्चमध्ये गोपनीय अहवालांची वेळ आली. सरकारी नोकरीत न गेलेल्यांसाठी सांगतो: वरिष्ठानं हाताखालच्या माणसाच्या वर्षभराच्या कामावर शेरा लिहायचा असतो. आमच्याकडं सगळ्यांना 'निश्चित चांगला' मिळायचं. मेलेल्यालाही मिळालं असतं, तेवढी खबर वेळेत पोचली नसती तर. राठोडांनी खरे शेरे लिहिले. बबनरावांचा होता, 'कामावर हजर नसतात. हजर असतात तेव्हा फरक पडत नाही.' लतीफच्या कागदावर, 'उत्कृष्ट. साधनं द्या आणि वाटेत येऊ नका.' आणि माझा: 'अक्षर सुंदर. काम उत्तम समजतं. समोरचा मोठ्या आवाजात बोलला की समजेनासं होतं.'

प्रतिकूल शेरा संबंधिताला कळवायचा नियम आहे, म्हणून तो मला लेखी मिळाला. घरी जाऊन मी बायकोला दाखवला, राठोडाचा उद्धटपणा दाखवायला म्हणून. तिनं वाचला, एकदा माझ्याकडं बघितलं आणि पोळ्या लाटायला लागली. मुख्याधिकाऱ्यांनी राठोडांना बोलावलं तेव्हा मी फायली घेऊन तिथंच उभा होतो. साहेब मऊ आवाजात म्हणाले, "राठोड, कशाला डोकेफोड? सगळ्यांना 'निश्चित चांगला' लिहून टाका. कुणाचं काही बिघडत नाही."

"क्वार्टरांतल्यांचं बिघडतं," राठोड म्हणाले. "आणि तेच लिहायचं असेल तर शिक्का करून घ्या साहेब. शिपाई मारत जाईल. मला पगार कशाला?"

त्याच सुमारास राठोडांनी एक पत्र दिलं. शेवटच्या ओळीच्या स्लॅबवर पाण्याची मोठी सिमेंटची टाकी होती. लतीफनं आपल्या चिठ्ठीवर मोडक्या अक्षरात लिहून दिलं होतं की टाकी झिरपून स्लॅब कुजलाय, टाकी खाली उतरवली पाहिजे, हे नळवाल्याच्या हातचं काम नाही. राठोड शिडी लावून स्वतः वर चढले, बघून आले आणि मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहिलं: टाकी ताबडतोब उतरवा, तोवर चार दारं रिकामी करून माणसांना शाळेच्या खोल्यांत हलवा. त्या पत्राची आवक नोंद मी केली. माझ्या सुंदर अक्षरात. पत्र वर गेलं आणि वरच राहिलं.

नगराध्यक्षांच्या शेतातली मोटर तोवर जळाली होती. लतीफ गेला नाही; त्यानं सांगितलं, चिठ्ठी पाहिजे. सगळ्या गोष्टीचं मूळ एवढंच होतं. बाकी युनियन, कामगारांचा अपमान, हुकूमशाही, हे नंतर लावलेलं तोरण. एक अर्ज तयार झाला की राठोड क्वार्टरांतल्या अडाणी बायकांचे खोटे अंगठे घेऊन कामगारांना छळतात. खाली कर्मचाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या. नगराध्यक्षांनी मला आपल्या दालनात बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. टेबलावर हात आपटून म्हणाले, "गिरी, तू कोणाच्या बाजूचा?" आणि मी सही केली. ते अंगठे घेतले जाताना मी स्वतः पाहिले होते, शाईचा पॅड कितीदा माझ्याच हातात होता... तरी सही केली. ते पेन मला आठवतं, पण हात थरथरला वगैरे काही आठवत नाही. थरथरला नसावा. लतीफकडं कागद नेला तेव्हा तो म्हणाला, "झूट पे दस्तखत नै करता मैं." त्याला लिहितादेखील धड येत नव्हतं.

राठोडांना जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. जाताना त्यांनी मला चार्ज दिला, यादीतली प्रत्येक वस्तू बोट ठेवून दाखवली, स्टेपलरसुद्धा. अर्जावरच्या सहीबद्दल एक शब्द नाही. मला त्यांनी शिव्या द्यायला हव्या होत्या. त्यांनी तेवढीही किंमत दिली नाही.

पुढं काय झालं ते वाचून हसू नका. चिठ्ठीची पद्धत बंद झाली नाही, ती 'सुधारली'. छापील फॉर्म आला, तीन रंगांत. त्यात 'रहिवाशाची स्वाक्षरी' हा रकाना जाऊन 'कर्मचाऱ्याची स्वाक्षरी' आला. तक्रारवही बबनरावांच्या कपाटात कुलपात गेली, त्यामुळं तक्रारी आपोआप कमी झाल्या. इतक्या कमी झाल्या की वरून आम्हाला चांगल्या निवास सेवेबद्दल एक ढाल मिळाली. नवा जिल्हा झाल्याचा उत्साह होता, ढाली वाटायला माणसं शोधत होते. सत्कारात बबनरावांनी हार घातलेला फोटो काढून घेतला. मीही त्याच फोटोत आहे, दुसऱ्या रांगेत, मान खाली. मला त्या वर्षी 'उत्कृष्ट' मिळालं.

दुसऱ्या वर्षी भर दुपारी शेवटच्या ओळीचा स्लॅब टाकीसकट खाली आला. बाकीची तीन दारं कामाला गेलेली होती. गयाबाई घरात होती, तांदूळ निवडत. तिचा उजवा पाय मांडीपासून चेपला. गेल्या सहा महिन्यांत तिनं तीनदा तक्रार केली होती आणि तिन्ही फॉर्मांवर 'काम पूर्ण' होतं. मुख्याधिकाऱ्यांनी दवाखान्यात केळी पाठवली, सोबत फोटोग्राफर.

चौकशी लागली. वरून अधिकारी आले. आणि आमच्या लोकांनी एका संध्याकाळीत ठरवलं की दोष लतीफचा: टाकीची गळती नळवाल्यानं थांबवली नाही. लतीफनं मागं सही दिली नव्हती, तो हिशेब सगळ्यांच्या मनात होता. तो व्हरांड्यात बाकावर बसला होता, नोकरी गेल्यात जमा, तोंड कागदासारखं पांढरं. तेव्हा जन्म-मृत्यूच्या खिडकीवरून राठोड उठून आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी आपल्या पत्राची स्थळप्रत, जपून ठेवलेली नक्कल, अधिकाऱ्यांसमोर ठेवली. मुख्याधिकारी म्हणाले, असं पत्र कार्यालयात आलंच नाही. राठोड म्हणाले, "आवक रजिस्टर मागवा. अक्षर गिरींचं आहे. गिरींना विचारा."

रजिस्टर माझ्यापुढं आलं. नगराध्यक्ष माझ्याकडं बघत होते, बबनराव बघत होते. राठोड खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणालो, "अक्षर माझंच आहे. पत्र आलं होतं." हे शौर्य नव्हे. अक्षर समोर होतं, आणि अख्ख्या गावात तसं अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. माझ्या आयुष्यात मी एवढंच एक खरं बोललो, तेही पळायला जागा नव्हती म्हणून.

लतीफ वाचला. बाकी कुणाचं काहीही झालं नाही. मुख्याधिकारी बदलून मोठ्या नगरपालिकेत गेले, बबनराव निरोप समारंभ घेऊन सुखानं निवृत्त झाले. चौकशी संपली त्या दिवशीच बाहेर व्हरांड्यात मी राठोडांना गाठलं होतं. "साहेब, चुकलं माझं."

"कोणतं?" ते म्हणाले. "यादी करून आणा." आणि खिडकीवर जाऊन बसले, कुणाच्या तरी बाळाची नोंद करायला.

निवृत्तीनंतर ते तांड्यावर परत गेले. मी वर्षातून एक-दोनदा जाऊन यायचो. का जायचो, मला नेमकं सांगता येणार नाही. ते ये म्हणायचे नाहीत आणि जा म्हणायचे नाहीत. त्यांच्या पत्नी चहा द्यायच्या, मी पिऊन यायचो. शेवटचा गेलो तेव्हा ते बाजेवर पडून होते, पायांवर सूज, आवाज खोल गेलेला. मी बाजेशेजारी बसलो. मग त्यांनी विचारलं, "गिरी, क्वार्टरांत पाणी येतं का हल्ली?"

मी म्हणालो, "काय की साहेब. मला माहीत नाही."

"मग तुम्हाला माहीत काय असतं?" असं म्हणून त्यांनी कूस बदलली. हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

शोकसभेतून उठलो आणि समोसा न खाता सरळ क्वार्टरांकडं गेलो. राठोडांना खिडकीवर बसवल्यापासून पहिल्यांदा. त्या चार खोल्या पुन्हा बांधून दिल्या होत्या, पत्र्याच्या छताच्या. गयाबाई उंबऱ्यात पाय लांब करून बसली होती, काठी शेजारी. तिनं मला लगेच ओळखलं, त्यात आनंद काही नव्हता. मी म्हणालो, "बाई, राठोड साहेब गेले."

"ठावं हाय," ती म्हणाली. "अकरा बाया जीप करून गेलो व्हतो तांड्यावर मातीला. लतीफभाई बी व्हता. तुमच्या हापिसाचं कुत्रं न्हाई आलं." मग काठी जवळ ओढून घेत, "तुमी आज सांगून राहिले?"

मला बसायला सांगण्याइतपत मात्र तिनं माणुसकी दाखवली. आत पोतं टाकलं होतं. बसलो आणि दाराच्या आतल्या बाजूच्या भिंतीकडं माझं लक्ष गेलं. चुन्याच्या भिंतीवर कोळशानं ओळीखाली ओळी लिहिलेल्या, पार छातीच्या उंचीपासून फरशीपर्यंत. तारीख, नाव, आणि पुढं दोन-तीन शब्द. 'आला. बघून गेला.' 'आला. चहा पिला. गेला.' 'येतो म्हनला. आला न्हाई.' 'लतीफभाई आला. नळ चांगला झाला.' अक्षर शाळकरी होतं. तिच्या सुनेचं, सातवीपर्यंत शिकलेली. मी विचारलं, हे काय?

"साहेबाला काढलं अन् अंगठ्याचा कागद बंद झाला," गयाबाई म्हणाली. "म्या म्हनलं, कागद त्यांचा व्हता, भिताड तर आपलं हाय. स्लॅबाखाली पहिलं भिताड गेलं, मंग ह्या भिताडावर पुन्ना सुरू केलं. अख्ख्या ओळीत हाय. जाऊन बघा." चुना मारायच्या वेळी काय करता, विचारलं. "तेवढं सोडून मारतो."

मी वाचत बसलो. नगरपालिकेत बत्तीस वर्षं काढली, इतके सच्चे शेरे मी कधी एका जागी पाहिले नव्हते. बबनराव होते त्यात. राठोडांनंतर मी ज्यांच्या हाताखाली काम केलं ते सगळे होते. एका मुख्याधिकाऱ्यांची भेट फक्त एका शब्दात होती, 'फोटू'. वरच्या ओळींपासून खाली माझं नाव शोधत गेलो, आणि कुठंच सापडलं नाही. बरोबरच होतं. राठोडांच्या मागं मी कधी इकडं आलोच नव्हतो.

पाणी येतं का, हे मी विचारलं. दिवसाआड येतं, ती म्हणाली, पण येतं. निघायला उठलो तेव्हा तिनं सुनेला हाक मारली. "लिही गं." सून चुलीतला कोळसा घेऊन आली, गुडघ्यावर बसली आणि तळाशी उरलेल्या जागेत लिहायला लागली. तिनं मला माझं नाव विचारलं, कसं लिहायचं तेही विचारलं, आणि बराबर लिहिलं. पुढचं सासूनं सांगितलं. मी चपला घालता घालता वाकून वाचलं.

'साहेब गेल्याचं सांगाया आला. उशिरा. काम काही न्हाई.'